जुनी अणुभट्टी नवी करायची की बंद करायची: हे ठरवावं कसं

पहिल्या दिवशी खर्चाचा तक्ता उघडू नका. जुनं अणुवीज केंद्र आतून नवं करून आणखी 25-30 वर्षं चालवायचं की कायमचं बंद करायचं, हे ठरवायला बसलेली मंडळी बहुधा तिथूनच सुरुवात करतात. एकदा तक्त्यात आकडा बसला की पुढचा प्रत्येकजण तो आकडा सांभाळायला लागतो, आणि तपासणीचे अहवाल हातात यायच्या आत उत्तर ठरून गेलेलं असतं.

माझी भाची कॅनडात एका वीज कंपनीत हिशेबाच्या बाजूला आहे. अशाच एका अभ्यासगटात तिला घेतलं तेव्हा तिचा फोन आला. “मावशी, मला अणुभट्टीतलं ओ की ठो कळत नाही. मी तिथे बसून करू काय?” मी 31 वर्षं जड पाण्याच्या अणुभट्ट्यांवर तपासणी विभागात काढली, आता बोईसरला राहते. अल्ट्रासॉनिक लावून नळीच्या भिंतीत काय चाललंय ते ऐकायचं, हे माझं काम होतं. चार-पाच रविवार आम्ही फोनवर बोललो. तिला जे सांगितलं तेच इथे जरा लावून लिहिते. इंजिनिअर नसलेल्या माणसालाही हा निर्णय नीट तपासता येतो. कोणत्या क्रमानं काय विचारायचं ते माहीत हवं.

जे बदलता येत नाही ते आधी

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त बदलता न येणाऱ्या वस्तू लिहा. यादी छोटीच होते. आमच्या तालुक्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांसारखी उकळत्या पाण्याची अणुभट्टी असेल, तर तिचं पोलादी दाबपात्र आणि भोवतीचं कंटेनमेंट, म्हणजे किरणोत्सर्ग बाहेर जाऊ न देणारं कवच. जड पाण्याची असेल तर कॅलँड्रिया नावाची मोठी आडवी टाकी, तिच्या दोन्ही टोकांची एंड शील्ड (किरणोत्सर्ग अडवणाऱ्या जाड भिंती), आणि कंटेनमेंटचं काँक्रीट. बाकी सगळं, म्हणजे पंप, झडपा, पाइप, केबल, स्टीम जनरेटर, टर्बाइन, महाग असलं तरी बदलता येतं. या दोन-तीन वस्तूंचं उत्तर ‘नाही’ आलं तर पुढची सभा घ्यायचं कारण उरत नाही.

दाबपात्राबद्दल विचारायचा प्रश्न अगदी सोपा आहे. न्यूट्रॉनच्या माऱ्यानं पोलाद हळूहळू ठिसूळ होतं. ते किती झालं हे कळावं म्हणून त्याच पोलादाचे छोटे तुकडे पात्राच्या आत ठेवलेले असतात. ठरावीक वर्षांनी ते काढून हातोड्याखाली मोडून पाहतात. तुम्ही विचारा: किती तुकडे ठेवले होते, किती काढले, शेवटचा कोणत्या वर्षी मोडला, आणि अजून किती शिल्लक आहेत? 25 वर्षं वाढवून मागणाऱ्याकडे पुढे मोडायला तुकडेच उरले नसतील, तर तो पुढचं कशावरून सांगणार?

एंड शील्डचं उदाहरण राजस्थानात रावतभाट्याला आहे. तिथलं पहिलं युनिट 1973 सालचं. एंड शील्डला तडे गेले, क्षमता 100 मेगावॉटवर आणावी लागली, आणि 2004 पासून ते बंदच आहे. त्याच आवारातलं दुसरं युनिट 1981 चं. त्याच्या सगळ्या कूलंट चॅनेल, म्हणजे इंधन आणि गरम जड पाणी ज्यांत असतं त्या नळ्या, 1994 ते 1998 या काळात बदलल्या आणि ते पुढे चालत राहिलं. आवार एक, पाणी एक, माणसं एक, आणि उत्तरं दोन. म्हणून ‘जुनं केंद्र’ असं सरसकट कधी बोलू नका. युनिट बोला.

कंटेनमेंट तर दुरुस्ती करतानाच हातचं जाऊ शकतं. अमेरिकेत फ्लॉरिडामधल्या क्रिस्टल रिव्हर केंद्रात 2009 साली नवे स्टीम जनरेटर आत घेण्यासाठी कंटेनमेंटची भिंत कापायला घेतली, आणि काँक्रीटचे थर आतल्या आत सुटले. ते दुरुस्त करता करता 2011 साली आणखी एका भागात तसंच झालं. 2013 मध्ये केंद्र कायमचं बंद केल्याचं जाहीर झालं. स्टीम जनरेटर बदलता येण्याजोगा भाग होता. तो आत न्यायची वाट मात्र न बदलता येणाऱ्या भिंतीतून जात होती. भाचीला मी सांगितलं, प्रत्येक मोठ्या भागापुढे एक रकाना काढ: ‘हा आत कुठून जाणार?’

वय वर्षांत मोजू नका

केंद्राचं वय विचारलं की लोक वर्षं सांगतात. नळी वर्षं मोजत नाही; ती पूर्ण शक्तीवर काढलेले तास मोजते. कँडू, म्हणजे कॅनडाच्या आराखड्याच्या जड पाण्याच्या अणुभट्टीच्या प्रेशर ट्यूबचा (चॅनेलमधल्या आतल्या नळीचा) हिशेब 2,10,000 तासांचा धरलेला असतो. दिवसाचे 24 तास, वर्षाचे 365 दिवस, 30 वर्षं आणि 80 टक्के वापर असा गुणाकार केला की हाच आकडा येतो. जे युनिट वरचेवर बंद राहिलं त्याच्या नळ्या चाळिशीतही तरुण असू शकतात, आणि जे रोज धावलं त्याच्या आधीच थकतात. तेव्हा तास मागा.

हे तास नळीत काय करतात ते थोडं सविस्तर सांगते, कारण सगळा खर्च शेवटी इथेच येऊन थांबतो. आपल्या 220 मेगावॉटच्या अणुभट्टीत अशा 306 चॅनेल आडव्या असतात. कॅनडाच्या 600-700 मेगावॉटच्या कँडू-6 मध्ये 380. प्रत्येक चॅनेल म्हणजे नळीत नळी. आतल्या प्रेशर ट्यूबमध्ये इंधन आणि 300 अंशांच्या आसपास तापलेलं, प्रचंड दाबाचं जड पाणी. बाहेरची कॅलँड्रिया ट्यूब थंड जड पाण्यात बुडालेली. दोघींची गाठ पडू नये म्हणून मध्ये गार्टर स्प्रिंग नावाची वेटोळी. वर्षानुवर्षं न्यूट्रॉन, उष्णता आणि वजन सोसून आतली नळी लांबते, फुगते आणि मध्ये झोळ धरते. स्प्रिंग जागेवरून सरकली असेल तर ती गरम नळी खाली थंड नळीला टेकते. टेकलेली जागा गार पडते, नळीच्या धातूत मुरलेला हायड्रोजन आणि त्याचा जड भाऊ ड्युटेरियम त्या गार जागेकडे गोळा होतो, आणि तिथे ठिसूळ फोड तयार होतो. 1 ऑगस्ट 1983 ला ओंटारिओतल्या पिकरिंग केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये अशी एक नळी चालू अणुभट्टीत सुमारे 2 मीटर लांबीत फाटली. कर्मचाऱ्यांनी युनिट सुरक्षित थांबवलं, पण त्या आणि शेजारच्या युनिटच्या सगळ्या नळ्या काढून दुसऱ्या मिश्रधातूच्या घालाव्या लागल्या.

नव्या नळ्या घातल्या म्हणजे काळजी मिटली असंही नाही. गुजरातेत काकरापारच्या पहिल्या युनिटमध्ये सगळ्या चॅनेल बदलून पाच-सहा वर्षंच झाली होती, तरी 11 मार्च 2016 ला एक नळी गळली. गंज लागला होता तो नळीच्या बाहेरच्या अंगाला, जिकडे कुणी फारसं बघत नव्हतं. ‘नवीन भाग, 30 वर्षं निश्चिंत’ असं वाक्य अहवालात दिसलं तर त्याखाली रेघ ओढा आणि विचारा: या नव्या भागाची तपासणी कोण, किती महिन्यांनी, कोणत्या बाजूनं करणार?

‘काय सापडलं’ याच्या आधी ‘किती बघितलं’

हा माझा स्वतःचा विषय, म्हणून इथे जरा रेंगाळते. एका केंद्रात, नाव नको, एका शटडाउनला 20 चॅनेल तपासायच्या ठरल्या होत्या. मशीन अडकलं, वेळ गेला, वरून घाई झाली. 12 वर थांबलो आणि अहवालात लिहिलं गेलं, ‘तपासलेला नमुना समाधानकारक’. वाक्य खोटं नव्हतं. पुढच्या शटडाउनला उरलेल्या 8 पैकी एकीत स्प्रिंग चांगली वीतभर सरकलेली निघाली. अपघात झाला नाही, चॅनेल बदलली, कुणी काही बोललंही नाही. मला मात्र ते वाक्य आजही टोचतं, कारण त्या अहवालावर माझीही सही होती.

तेव्हापासून मी कुठलाही तपासणी अहवाल मागच्या पानावरून वाचते. एकूण वेल्ड किती, त्यातले किती तपासले, किती ठिकाणी हात पोचला नाही, का पोचला नाही. ‘दोष आढळला नाही’ आणि ‘दोष नाही’ यांच्यात फरक आहे, आणि हिशेबाच्या माणसाला तो इंजिनिअरपेक्षा लवकर कळतो. न तपासलेल्या खात्याला कुठलाही लेखापरीक्षक ‘स्वच्छ’ म्हणत नाही. मुंबईत 30 वर्षं जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. सोसायटीच्या सभेत आपण विचारतोच ना, किती खांबांना हातोडी लावली म्हणून? तसंच इथे.

माझा आग्रह असा: मोठ्या निर्णयाआधी एक शटडाउन केवळ तपासणीसाठी लांबवा. महिना-दीड महिना वीज जाईल. तो खर्च निर्णयाचाच भाग समजा. आणि कागदावरचा नकाशा जागेवर जाऊन जुळवा. जुन्या केंद्रात नकाशात नसलेले आधार, वाकवलेले पाइप, मध्येच टाकलेल्या केबल असतातच. मी एकदा नकाशात मोकळी दाखवलेली जागा बघायला गेले, तर तिथे दुसऱ्याच कामासाठी कधीतरी बसवलेला पंप ठाण मांडून होता.

चार बहिणी

भाचीला सर्वांत जास्त कळलं ते या गोष्टीवरून. कँडू-6 या एकाच आराखड्याच्या चार अणुभट्ट्या 1983-84 च्या आगेमागे व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला लागल्या: कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातली पॉइंट लेप्रो, शेजारच्या क्वेबेकमधली जेंटिली-2, दक्षिण कोरियातली वोल्सुंग-1 आणि अर्जेंटिनातली एम्बाल्से. पंचविशी उलटल्यावर चौघींपुढे तोच प्रश्न आला.

लेप्रोच्या बाबतीत 2002 साली प्रांताच्या वीजदर मंडळानं सांगितलं की या नूतनीकरणात फारसा आर्थिक फायदा दिसत नाही. तरी 2005 मध्ये सरकारनं हिरवा कंदील दाखवला. मार्च 2008 मध्ये काम सुरू झालं. अंदाज 18 महिन्यांचा आणि 140 कोटी कॅनेडियन डॉलरचा. या जातीच्या अणुभट्टीच्या सगळ्या चॅनेल बदलायची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी ऑक्टोबरात टर्बाइनचे नवे अवजड रोटर सेंट जॉन बंदरात तराफ्यावर चढवताना समुद्रात पडले. पण खरा घात झाला तो सांध्यांत. नव्या कॅलँड्रिया ट्यूब बसवल्या, पण टोकाच्या पत्र्यात दाबून बसवलेले त्यांचे सांधे गळतीच्या चाचणीत हवे तितके घट्ट निघेनात. 2010 मध्ये बसवलेल्या सगळ्या 380 नळ्या परत काढून, भोकं घासून साफ करून, पुन्हा बसवायचं ठरलं. युनिट नोव्हेंबर 2012 मध्ये सेवेत आलं, 37 महिने उशिरा. खर्च 240 कोटींच्या आसपास गेला. नंतर सुरू झालेलं वोल्सुंगचं काम तिच्या आधी, 2011 मध्ये, पुरं झालं.

जेंटिलीच्या लोकांनी 2008 मध्ये 190 कोटी डॉलरचा अंदाज घेऊन होकार दिला होता, पण कामाला हात घातला नव्हता. त्यांनी शेजारणीचं काय होतंय ते पाहिलं, आकडे पुन्हा मांडले, ते 430 कोटींवर गेले, आणि 28 डिसेंबर 2012 ला युनिट कायमचं थांबवलं. क्वेबेककडे जलविद्युत मुबलक होती, त्यामुळे त्यांना हे परवडलं. मला या निर्णयातलं आवडतं ते हे की होकार दिल्यावरही त्यांनी आकडा पुन्हा तपासला. अर्थात मुबलक वीज कायम मुबलक राहत नाही. 2023 मध्ये त्याच कंपनीनं जेंटिली पुन्हा सुरू करता येईल का याची चाचपणी करायला घेतली.

वोल्सुंगचं काम वेळेत झालं, नळ्या नव्या झाल्या, आणि 2012 मध्ये परवान्याची मुदत संपली. मुदतवाढ मिळाली ती 2015 मध्ये. मग देशाचं धोरण बदललं. 2018 मध्ये बंद करायचं ठरलं आणि 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे सगळ्या नळ्या नव्या, आणि चालली जेमतेम काही वर्षं. एम्बाल्सेनं घाई केली नाही. बाकी तिघींचं होऊ दिलं, 2015 अखेर युनिट थांबवलं, 2019 च्या जानेवारीत पुन्हा सुरू केलं. ती चालू आहे.

यातून भाचीनं तिच्या कागदावर तीन प्रश्न उतरवून घेतले. हे काम याच जातीच्या अणुभट्टीवर आधी कुणी केलं आहे का? परवाना किती वर्षांचा, आणि तो काम सुरू करायच्या आधी हातात असेल का? होकार दिल्यावर आकडा पुन्हा कधी तपासायचा? मला वाटतं, पहिला प्रश्न सर्वांत मोठा. पहिलं असू नका. असाल तर अंदाजित वेळ दुप्पट धरूनही परवडतंय का ते पाहा.

दिवसाचा भाव

आता तक्ता उघडायला हरकत नाही. पण पहिली ओळ नळ्यांची किंवा मजुरीची लिहू नका. पहिली ओळ: एक दिवस बंद राहिलो तर किती जातात?

हिशेब असा. 160 मेगावॉटचं युनिट पूर्ण दिवस चाललं तर 38,40,000 युनिट वीज देतं. तेवढी वीज बाहेरून समजा 4 रुपये दरानं घ्यावी लागली, तर दिवसाला दीड कोटीच्या वर गेले. 660 मेगावॉटच्या लेप्रोसारख्या युनिटचे त्याच दरानं सव्वासहा कोटी होतील. आता याला 37 महिन्यांनी गुणा. नळ्यांची किंमत या आकड्यापुढे बारीक दिसू लागते. म्हणून मी अंदाजपत्रक वाचताना सामानाच्या भावावर घासाघीस करणाऱ्यांकडे लक्ष देत नाही. वेळापत्रक कुणी बनवलं आणि त्यानं पूर्वी कुठलं काम किती दिवसांत केलं, ते विचारते.

ओंटारिओतल्या ब्रूस केंद्राच्या पहिल्या दोन युनिटांचा अंदाज 275 कोटी डॉलर होता, झाले 480 कोटी. याउलट त्याच प्रांतातल्या डार्लिंग्टन केंद्रानं 2016 मध्ये पहिलं युनिट उघडण्याआधी अनेक वर्षं तयारीला दिली. अणुभट्टीच्या तोंडाची खऱ्या मापाची प्रतिकृती उभारली आणि कामगारांनी तिथे आधी हात बसवले. चार युनिटं एकदम न उघडता क्रमानं घेतली. एकूण अंदाज 1,280 कोटी डॉलरचा, म्हणजे रक्कम छोटी नव्हती. पण तिसरं युनिट 2023 मध्ये ठरल्या वेळेच्या आधी परत आलं. प्रतिकृतीवर झालेला खर्च कुणाला चैन वाटेल. मला तो सगळ्या अंदाजपत्रकातला सर्वांत शहाणा खर्च वाटतो.

पैशाच्या बरोबरीनं आणखी एक हिशेब ठेवा, डोसचा, म्हणजे माणसाच्या अंगात जाणाऱ्या किरणोत्सर्गाचा. तो मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. आपल्याकडे कर्मचाऱ्याला वर्षाला 30 मिलिसिव्हर्ट आणि 5 वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्टच्या वर किरणोत्सर्ग घेता येत नाही. वेल्डर चांगला असला तरी त्याची मर्यादा भरली की तो बाहेर. काम लांबलं की पैसे आणता येतात, अनुभवी वेल्डर आणता येत नाहीत. ‘या कामाला किती माणसांचा किती डोस लागेल, आणि तेवढी प्रशिक्षित माणसं आहेत का’ याचं उत्तर वेगळ्या पानावर मागा. कंत्राटी फिटर-मदतनीसांचा डोस त्यात धरला आहे का, हेही विचारा. ती माणसं आमच्या बोईसर-पालघरच्या गल्ल्यांतलीच असतात.

टर्बाइनच्या बाजूला कुणी गेलंय का?

अणुभट्टीकडे सगळे बघतात. जड पाण्याच्या केंद्रात भिंतीपलीकडच्या टर्बाइन हॉलमध्ये किरणोत्सर्ग जवळपास नाही, भीती नाही, म्हणून तिथली जुनी सामग्री ‘चालतेय’ या शब्दावर सोडून दिली जाते. लेप्रोच्या नळ्या नव्या झाल्या, पण 2024 च्या एप्रिलमध्ये ठरल्याप्रमाणे देखभालीला थांबवलेलं युनिट जुलैऐवजी डिसेंबरमध्ये परत आलं. बिघाड विजेच्या जनित्रात सापडला. जनित्राची वाइंडिंग, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सरच्या नळ्या, समुद्राचं पाणी आत घेणारे पंप, स्विचयार्ड, या सगळ्याचं उरलेलं आयुष्य अणुभट्टीच्या नव्या आयुष्याशी जुळतं का ते पाहा. जुळत नसेल तर तो खर्च आजच तक्त्यात घाला.

तारापूरचा मार्ग

सगळ्यांनाच एका दमात 30 वर्षं मागायची गरज नसते. तारापूरची पहिली दोन युनिटं 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यापारी तत्त्वावर चालू झाली. तेव्हा प्रत्येकी 210 मेगावॉटची होती. पुढे त्यांच्या दुय्यम स्टीम जनरेटरच्या नळ्या गळू लागल्या, तेव्हा ते जनरेटर बाजूला काढून 1980 च्या दशकात क्षमता 160 मेगावॉट केली. हा मला फार महत्त्वाचा निर्णय वाटतो. तिसरा पर्याय असतो: दुखरा भाग तोडून, कमी शक्तीवर, चालत राहणं. तुमच्या अभ्यासगटापुढे फक्त ‘पूर्ण नवं’ आणि ‘पूर्ण बंद’ असे दोनच पर्याय ठेवले असतील, तर हा तिसरा मागून घ्या.

2005-06 मध्ये ही युनिटं काही महिने थांबवून सुरक्षेची कामं केली गेली. दोन्ही युनिटांत सामायिक असलेल्या काही व्यवस्था वेगळ्या केल्या, नवे डिझेल जनरेटर आले, मुख्य नियंत्रण कक्ष हाताबाहेर गेला तर वापरायला पूरक कक्ष आला. फुकुशिमाचं पहिलं युनिटही याच जनरल इलेक्ट्रिकच्या घराण्यातलं, 1971 चं. 2011 मध्ये तिथे जे झालं, त्यानंतर इथे बाहेरून पाणी आत सोडता येईल अशा जोडण्या बसवल्या. 2020 मध्ये दोन्ही युनिटं थांबवून अणुभट्टीतून पाणी फिरवणारे मोठे पाइप बदलायचं काम हाती घेतलं. त्या काळच्या स्टेनलेस स्टीलला वेल्डच्या शेजारी, ताण आणि पाण्यातला ऑक्सिजन एकत्र आले की, कणांच्या कडेकडेनं बारीक तडे जातात. हे दुखणं जगभरच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांना झालं, म्हणून त्यावरचा इलाजही माहीत आहे.

आपल्याकडे दर 10 वर्षांनी सुरक्षेची सर्वंकष फेरतपासणी होते आणि अणुऊर्जा नियामक मंडळ ठरावीक मुदतीचीच परवानगी देतं. यामुळे निर्णय तुकड्यातुकड्यांनी होतो. हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो, कारण दर वेळी यंत्राकडे नव्यानं बघावं लागतं. त्याचा तोटाही सांगते: दर वेळी ‘आणखी एवढंच’ म्हणत बेरीज कुणी करत नाही. तुम्ही ती करा. गेल्या 20 वर्षांत किती महिने बंद, किती खर्च, किती वीज मिळाली, एका पानावर. आणि आज नवा आराखडा मंजुरीला आला असता तर यातलं काय नाकारलं गेलं असतं, ते दुसऱ्या पानावर.

पर्याय खरा आहे का?

‘बंद केलं तर वीज कुठून?’ याचं उत्तर स्वप्नातलं नको. जेंटिलीकडे धरणं उभी होती. ज्याच्याकडे ती नाहीत त्यानं कोळशाची किंवा वायूची वीज मोजावी, तिचा धूरही मोजावा. न्यू ब्रन्सविकनंच कोल्सन कोव्ह हे तेलावरचं केंद्र व्हेनेझुएलाच्या ओरिमल्शन या इंधनासाठी बदलून घेतलं होतं, पण पुरवठ्याचा करार पक्का झालेला नव्हता आणि इंधन आलंच नाही. पर्यायावरही सही-शिक्क्याचा कागद मागायचा तो एवढ्यासाठी. बंद करण्यालाही खर्च असतो: वापरलेलं इंधन सांभाळायचं, केंद्र मोडायचं, आणि त्यासाठी साठवलेला निधी लवकर बंद केल्यानं अपुरा पडतो का ते बघायचं. माणसं पांगतात हाही खर्चच. कुठली झडप हिवाळ्यात अडते हे माहीत असलेला फोरमन एकदा गावी गेला की परत येत नाही.

आजचं उत्तर उद्याही तेच राहील असं समजू नका. पिकरिंगच्या नंतरच्या चार युनिटांचं नूतनीकरण करायचं नाही असं 2010 मध्ये ठरलं होतं. 2024 मध्ये त्याच युनिटांसाठी नूतनीकरणाची योजना पुढे नेण्याचं जाहीर झालं. यंत्रं तीच, विजेची मागणी बदलली. म्हणून अहवालात उत्तराइतकंच ते कोणत्या गृहीतकांवर उभं आहे हे ठळक लिहा.

थांबायचं पान

शेवटच्या रविवारी भाचीनं विचारलं, “होकार दिला आणि मध्येच काही वाईट निघालं तर?” तिला मी एक पान लिहायला सांगितलं, आणि ते युनिट थांबवायच्या आधी.

त्यावर तीन प्रकारच्या अटी. पहिली तपासणीची: उघडल्यावर कॅलँड्रियाच्या आत अमुक इतक्या खोलीचा तडा दिसला तर काम थांबवून पुन्हा सभा. दुसरी वेळेची: पहिल्या 20 नळ्या इतक्या दिवसांत गळतीच्या चाचणीत उतरल्या नाहीत, तर पुढच्या 360 ला हात लावायचा नाही. लेप्रोत अशी अट असती तर सगळ्या नळ्या दोनदा बसवायची वेळ कदाचित आली नसती. तिसरी पैशाची: उरलेला खर्च, झालेला नव्हे, अमुक रकमेच्या वर गेला तर बंद करण्याच्या खर्चाशी त्याची पुन्हा तुलना. झालेला खर्च त्या सभेत उच्चारायचासुद्धा नाही. हिशेबाच्या माणसाचं सगळ्यात मोठं काम तिथेच आहे, कारण इंजिनिअरला स्वतः बसवलेल्या नळीचा मोह असतो. मला होता.

प्रत्येक अटीपुढे, ती पुरी झाली की सभा कोण बोलावणार त्या पदाचं नाव लिहा, आणि ते पद काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या किंवा प्रकल्पप्रमुखाच्या हाताखालचं नको. एक प्रत केंद्राकडे, एक नियामकाकडे, एक आसपासच्या ग्रामपंचायतींना त्यांच्या भाषेत. भाचीनं तिचं पान लिहून मला पाठवलं. वेळेची अट तिनं महिन्यांत लिहिली होती. मी ती खोडून दिवसांत करायला लावली.